डाव्या दांडीखाली

२९ मे १९९४, रविवार

डोरीन वहिनीने नाताळात दिलेली डायरी इतके दिवस कोरीच होती. आजपासून लिहितो. इथे मराठी बोलायला कुत्रासुद्धा नाही. कुत्रा आहे, नेरो त्याचं नाव, पण त्याला फक्त इटालियन कळतं.

हेन्रीदादा मला गाडीने वर सोडून गेला. नात्याने चुलतभाऊ, बोलतो हेडमास्तरसारखा. "वेस्ली, जहाज सोडलंस, कारवॉश सोडलंस, बेकरी सोडलीस. आता डोंगरात तरी टिक." डोंगर म्हणजे ॲडलेडच्या वर, तास-दीड तासावर. सफरचंदाच्या बागा. मे-जून म्हणजे इथला हिवाळा, थंडी अशी की नाक आहे की गेलं ते हात लावून बघावं लागतं. काम झाडं छाटायचं. मालक दोनातो, सत्तरीचा म्हातारा, बुटका, एका बाजूला झुकून चालतो. बायको फिलोमेना. मुलगी आसुंता, चाळिशीची, लग्न नाही झालेलं, शाळेच्या ऑफिसात असते. मुलगा टोनी सिडनीला वकील. भिंतीवर त्याचा फोटो आहे, ताडासारखा उंच.

मला राहायला शेडमागची खोली दिली. ठीक आहे. पण संध्याकाळी म्हातारा दारात आला आणि म्हणाला, चल, जेवायला. कुठे? घरात, टेबलावर, त्यांच्यासोबत.

मी म्हटलं, थँक यू, माझं मी बनवतो.

आमच्या वसईच्या वाडीत लखमा वारली बाबांच्या वेळेपासून आहे. त्याचं ताट वेगळं, आंगणातल्या भिंतीवर पालथं. तो फणसाखाली बसून जेवतो. मालक तो मालक, गडी तो गडी, कोणाला काही वाईट वाटत नाही. मालक गड्याला टेबलावर बसवतो म्हणजे त्याच्याकडून काहीतरी काढायचं आहे. काय ते बघायला पाहिजे.

सुकट आणि भात केला. शेडभर वास. नेरो येऊन बसला.

५ जून

चर्चला गेलो. इथली सगळी म्हातारी माणसं इटलीतल्या एकाच डोंगरावरच्या एकाच गावातून आलेली आहेत, लढाईनंतर. येताना गाव उचलूनच आणलं म्हणायचं. चर्च स्वतःच्या हाताने दगड रचून बांधलं. तिकडे ज्याचं घर ज्याच्या शेजारी होतं, इकडेही तसंच. भांडणंही तिकडचीच असतील.

आल्तारीच्या बाजूला सान रोक्कोची मूर्ती. हा सेंट मी आमच्याकडे पाहिला नव्हता. झगा वर करून मांडीवरची जखम दाखवतो. पायाशी कुत्रा, कुत्र्याच्या तोंडात पाव. म्हातारा कानात सांगत होता की सेंटला प्लेग झाला, माणसांनी गावाबाहेर काढलं, तेव्हा कुत्रा रोज भाकर आणून द्यायचा. सांगताना डोळ्यांत पाणी. मी त्याच्याकडे बघितलं. एवढं रडण्यासारखं काय आहे? घरापासून हजारो मैलांवर नांगर टाकून राहिलेल्या खलाशासारखा रडतो.

मिस्सा झाल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही. खांद्याकडे.

१२ जून

आज मला मापलं.

खोटं नाही लिहीत. म्हाताऱ्याने मला शेडच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. चौकटीवर पटाशीने पाडलेली जुनी खूण आहे, काळी पडलेली. त्याने माझा कोट सरळ केला, माझ्या खांद्यावर पट्टी आडवी धरली आणि पट्टी बरोबर खुणेला जाऊन टेकली. म्हातारा ओरडला, "फिलोमेना!" ती हात पुसत आली. बघितलं, बोटांनी छातीवर क्रूस काढला आणि ॲप्रन तोंडाला लावलं.

मी विचारलं, काय झालं? म्हातारा म्हणाला, "काही नाही. परफेक्ट."

आमच्या गावात माणसाचं माप एकच जण घेतो, पेट्या बनवणारा जुझे. आणि तोसुद्धा माणूस मेल्यावर.

१३ जून

पोस्टासमोरच्या बूथवरून हेन्रीदादाला फोन केला.

"दादा, हे लोक मला मापतात."

"कपडे शिवत असतील."

"खांदा मापला फक्त. आणि म्हातारी रडली."

"काही सही करायला सांगितलं?"

"नाही."

"सांगितलं तर करू नको. बाकी काय देतात?"

"रोज जेवायला बोलवतात. टेबलावर."

मग म्हणाला, "घरात मुलगी आहे का रे?"

"आहे. चाळिशीची."

पाठीमागून डोरीन वहिनी इतकी हसली की फोन हातातून पडला असेल. "अहो, त्याला सांगा, नवरदेवाचा सूट इथूनच पाठवते!" म्हणे. हसा. तुम्हाला हसायला काय जातं? दादा शेवटी म्हणाला, फुकटचं कोणी जेवू घालत नाही, लक्षात ठेव. तेच मी म्हणतो.

२ जुलै

पंधरा-वीस दिवस लिहिलं नाही. छाटणी एके छाटणी. हाताला कात्रीचे घट्टे. म्हातारा काम शिकवतो चांगलं, हे कबूल. फांदी कुठे कापायची ते बोलत नाही, बोट ठेवतो. पण उजवा हात वर जातच नाही त्याचा. उजवा खांदा खाली बसलाय, जुन्या बाकड्याचा पाय खचतो तसा.

म्हातारी रोज संध्याकाळी दारात येते. "मांजा, वेस्ली, मांजा." म्हणजे खा. मी रोज नाही म्हणतो. तरी ती ताट मांडते. खिडकीतून दिसतं. चार ताटं. त्यांतलं एक तसंच परत जातं. काय चिकाटी आहे! साध्या गड्यासाठी एवढं कोणी करत नसतं.

१० जुलै

ट्रॅक्टर धडधाकट उभा असताना म्हाताऱ्याने मला लाकडाचा लांब वासा खांद्यावर घ्यायला लावला. मी पुढे, तो मागे. बागेच्या उतारावरून खाली, मग वर. चालही वेगळी शिकवली. डावा पाय, थांब, उजवा पाय, थांब. जरा झुलायचं. मी चुकलो की मागून ओरडतो, "पियानो, पियानो!" म्हणजे हळू.

मी विचारलं, वासा न्यायचा कुठे? तर जिथून उचलला तिथेच आणून ठेवला.

कुंपणापलीकडे शेजारचा साल्वातोरे उभा राहून बघत होता. मोठी मिशी, दोन धिप्पाड मुलगे. म्हातारा आत गेल्यावर त्याने मला बोलावलं.

"मेट, तू जेवतोस कुठे?"

असला प्रश्न! मी छाती काढून सांगितलं, "माझं मी करून खातो. कोणाच्या टेबलावर बसत नाही."

साल्वातोरे इतका खूश झाला की माझ्या पाठीवर थाप मारली आणि सलामीचा, म्हणजे इथल्या सुक्या मसालेदार मांसाचा, एक अख्खा तुकडा दिला. "गुड बॉय. असाच राहा." या गावात एक तरी सरळ माणूस भेटला.

११ जुलै

म्हातारा आणि साल्वातोरे चर्चच्या पायरीवर भांडले. हात इतके जवळून हलवत होते की वाटलं एकमेकांचे कान उपटतील. मला पाहून दोघेही गप्प झाले.

२४ जुलै

आसुंताने युटमधून, म्हणजे मागे उघड्या हौद्याच्या गाडीतून, गावात सोडलं आणि वाटेत गाडी बाजूला घेतली. मी दाराची कडी धरून ठेवली. आता विचारते लग्नाचं.

ती म्हणाली, "वेस्ली, तुला बाबा सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. सोळा ऑगस्टला सान रोक्कोची मिरवणूक. मूर्ती चार जणांच्या खांद्यावर. डावी दांडी, पुढची जागा आमच्या घराची. आजोबांच्या आजोबांपासून. बाबांचा खांदा आता खचलाय. दोन वर्षं मूर्ती आमच्या बाजूला कलते. यंदा कलली तर चर्चची कमिटी ती जागा साल्वातोरेच्या घराला देणार आहे."

"मग टोनीला बोलवा."

"टोनी खूप उंच आहे. मूर्ती दुसरीकडे कलेल. आणि तो येतही नाही." मग म्हणाली, "माणूस त्याच उंचीचा लागतो. आणि घरचा लागतो. घरचा म्हणजे रक्ताचाच असं नाही. ज्याने घराच्या टेबलावरचं खाल्लं, तो घरचा. सणाच्या आदल्या दिवशीची भाकर खाल्ली तरी चालतं. पण त्याला विचारायचं नसतं. विचारून घेतलेला खांदा सेंटला चालत नाही. त्याने स्वतःहून यायचं असतं."

"मग तू कसं विचारतेस?"

"मी विचारत नाहीये," ती म्हणाली आणि लाल झाली. "मी फक्त सांगतेय."

मी हो हो म्हटलं. पण मी काय दुधखुळा आहे? एका दांडीसाठी कोणी महिनोन् महिने ताट मांडतं का? दांडी काय, कोणीही उचलेल. मुलगी लाल का झाली? हे लोक मला इथे बांधून ठेवणार. आज खांदा, उद्या बाग, परवा अंगठी. आणि आमच्यात खांदा देतात तो मेलेल्या माणसाला.

३ ऑगस्ट

संजीवचं पत्र आलं. हा पुण्याचा, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर आहे. ॲडलेडला पिकनिकला भेटला होता. लिहितो, कॅम्पच्या किचनमध्ये माणूस हवाय, ये लगेच. वाळवंट, गरम हवा, कोणी मापत नाही. सोळा तारखेच्या बसने खाली जायचं ठरवलं. मुद्दाम सोळा. सगळे मिरवणुकीत असतील, कोणी अडवणार नाही.

९ ऑगस्ट

पाऊस. सरपण द्यायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. फ्रिजवर मागच्या वर्षीच्या मिरवणुकीचा फोटो लावला आहे. मूर्ती एका बाजूला वाकडी आणि खाली कोपऱ्यात म्हाताऱ्याचं तोंड, दात आवळलेले. ज्याने काढला त्याने कॅमेरा तिरका धरला असणार.

आसुंता म्हणाली, इटलीत सोळा ऑगस्टला कडक ऊन असतं, गहू घरात आलेला असतो. इथे हिवाळा, चिखल. मी म्हटलं, मग तारीख बदला, जानेवारीत करा. तिघेही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी नाताळ मे महिन्यात करा म्हटलं.

१५ ऑगस्ट

आज अपमान झाला. सगळं लिहून ठेवतो.

दुपारी म्हातारीने भट्टीतून मोठी गोल भाकर काढली. वास असा की शेडमध्ये बसवेना. तिने हाक मारली, मी म्हटलं शेवटचा दिवस आहे, दारापर्यंत जाऊ. तिघेही ओट्यावर उभे होते, धुतलेले कपडे घालून. म्हातारीने भाकर छातीशी धरून पहिला तुकडा मोडला आणि नेरोपुढे टाकला. मग तिघेही कुत्र्याकडे बघत उभे. श्वास रोखून. कुत्रा चावतोय, गिळतोय, हे बघतात.

मला आधी वाटलं, विष बघतात की काय!

नेरोने खाऊन संपवलं. त्याला काही झालं नाही. मग म्हातारीने त्याच भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि माझ्यापुढे धरला. कुत्र्यानंतर मला. त्यांच्या स्वतःआधी मला, पण कुत्र्यानंतर.

मी म्हटलं, "नो, थँक यू."

म्हातारी हात पुढे करून तशीच उभी. म्हाताऱ्याने टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. आसुंता म्हणाली, "वेस्ली, प्लीज." मी मागे वळलो.

आमच्या घरी लखमाचंही ताट कुत्र्याच्या आधी निघायचं.

बॅग भरली, डायरी तेवढी कोटाच्या आतल्या खिशासाठी बाहेर ठेवली. कोट अडकवायला गेलो तर जड लागला. खिशात कापडात गुंडाळलेली भाकर. म्हातारी कधी घालून गेली कळलं नाही.

१६ ऑगस्ट, मंगळवार

खांदा ठणकतो आहे, अक्षर वाकडं येईल.

सकाळी सगळे चर्चला गेले तसा मी बॅग घेऊन निघालो. बसस्टॉप खाली, चढाच्या तोंडाशी. पावसाची भुरभुर. नेरो मागे मागे. "घरी जा" म्हटलं मराठीत, इंग्लिशमध्ये, शेवटी "पियानो" पण म्हटलं. गेला नाही. पायाशी बसला.

बसला उशीर होता. भूक लागली. रात्री रागाने चूल पेटवलीच नव्हती. खिशातली भाकर काढली. पण मी काय असा विश्वास ठेवणार? एकट्या माणसाच्या खिशात गुपचूप घातलेली भाकर. आधी एक तुकडा नेरोला टाकला. त्याने खाल्ला. मी त्याच्याकडे बघत बसलो. तो माझ्याकडे. काही झालं नाही. मग मी खाल्ली. सगळी. वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ लावलं होतं. कबूल करतो, चांगली होती.

बस आली, पण पुढे रस्ता बंद, जागीच अडकली. ड्रायव्हर म्हणाला, "नो वरीज, मेट, हे लोक वर्षातून एकदा रस्ता अडवतात. चढ आणि बस." पण मी पायरीवरच थांबलो, कारण वरून बँड ऐकू येत होता. म्हाताऱ्यांचा बँड, अर्धा बेसूर.

वळणावरून मूर्ती आली. उतारावरून खाली. डावा पाय, थांब, उजवा पाय, थांब. माझे पाय बसच्या पायरीवर आपोआप तसेच हलले.

मूर्ती कलली होती. कॅमेऱ्यात काही दोष नव्हता.

डाव्या दांडीच्या पुढे म्हातारा. चिखलात पाय घसरतोय. तोंड फोटोत होतं तसंच, फक्त जिवंत. त्याच्या बाजूने साल्वातोरे चालत होता आणि त्याच्या मागे त्याचा थोरला मुलगा, पांढरा शर्ट, खांद्यावर आधीच कापडाची उशी बांधलेली. म्हाताऱ्याचा गुडघा कधी टेकतो याची वाट बघत. सणाच्या दिवशी माणूस पडायची वाट कोणी बघतं? हा तोच, ज्याने मला सलामी दिली होती. आणि तो प्रश्न विचारला होता.

मी सलामी खाल्ली होती. ती कशासाठी दिली होती ते तेव्हा कळलं.

म्हाताऱ्याचा पाय निसटला. मूर्तीसकट सगळे "ओ" म्हणून वाकले. मी बॅग ड्रायव्हरच्या अंगावर टाकली आणि पळालो. का पळालो ते विचारू नका. मूर्ती पडत होती, कोणीही पळालं असतं.

दांडीखाली खांदा घालणार तेवढ्यात साल्वातोरेने मला कॉलरला धरलं. इंग्लिशमध्ये ओरडला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "हा घरचा नाही! हा त्यांच्या टेबलावर जेवत नाही! त्याने स्वतः मला सांगितलं!"

बँड थांबला. म्हातारा दांडीखाली धापा टाकत. कोणी हलेना.

फिलोमेना बायकांतून पुढे आली. काळी शाल, डोकं भिजलेलं. माझ्या मिशीला बोट लावलं. बोटावर भाकरीचा चुरा. तो तिने वर धरला.

"खाल्लीस?"

"खाल्ली."

"तुझ्याआधी कोणी?"

मी नेरोकडे बोट दाखवलं. तो तिथेच उभा, जिभेने नाक चाटत.

मग मागून एक म्हातारा "सान रोक्को, सान रोक्को" म्हणत रडायला लागला, मग दुसरा. साल्वातोरेने माझी कॉलर सोडली. त्याने टोपी काढली.

मी दांडीखाली शिरलो. म्हातारा बाहेर सरकला. दांडी माझ्या खांद्यावर बसली, जशी पट्टी त्या खुणेवर. आणि वर काहीतरी हललं. मी बघू शकत नव्हतो, पण मागचे लोक "आह" म्हणाले, तेव्हा समजलं मूर्ती सरळ झाली.

म्हातारा माझ्या बाजूने चालत होता, मोकळा, हात कुठे ठेवावे ते न कळून. सारखा म्हणत होता, "पियानो, वेस्ली. पियानो." बस निघून गेली. बॅग घेऊन गेली.

१७ ऑगस्ट

खांदा सुजला. आसुंताने बस कंपनीला फोन केला, बॅग परत येणार आहे. संजीवला काय सांगायचं ते ठरलं नाही.

काल रात्री टेबलावर जेवलो. चार ताटं, चारही भरलेली. नॅपकिन मांडीवर ठेवायचा की गळ्यात ते कळलं नाही. म्हातारीने गळ्यात बांधला, लहान मुलाला बांधतात तसा. जेवताना म्हातारा उठला आणि शेडमध्ये गेला. पटाशी घेऊन. परत आला तेव्हा अंगाला लाकडाचा भुसा. सकाळी बघितलं, जुन्या खुणेशेजारी नवीन खूण, पांढरीफटक.

घरी आयला पत्र लिहिलं. थंडी, छाटणी, सण. शेवटी विचारलं की लखमा अजून फणसाखालीच जेवतो का. हे का विचारलं, माहीत नाही. पत्र बंद करून टाकलं.

आज म्हातारा बागेत माझ्याशेजारी काम करत होता. एक फांदी छाटून झाल्यावर अगदी सहज, वर न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी उशी बांध. खांद्याला."

पुढच्या वर्षी. ऐकलंत? म्हणजे मला इथे अडकवायचा डाव पहिल्या दिवसापासून होता. मी आधीच लिहून ठेवलं होतं.